कोरियन दूतांच्या मिरवणुकीची गुंडाळी: पूर्ण आकाराची प्रत करतानाच्या नोंदी

काम: कोरियाच्या जोसॉन राजघराण्याच्या दरबाराकडून जपानच्या शोगुनकडे, म्हणजे तिथल्या लष्करी शासकाकडे, गेलेल्या दूतमंडळाची मिरवणूक दाखवणाऱ्या एका हातगुंडाळीची, हातात घेऊन उलगडता येईल अशी प्रत. मूळ चित्र २७ सेंमी उंच, ११ मीटर लांब, २४ कागद एकाला एक जोडून केलेलं. एदोच्या (आजच्या तोक्योच्या) शोगुनांच्या काळात, १६०७ ते १८११ या दोनशे वर्षांत, अशी बारा दूतमंडळं आली. ही गुंडाळी १७११ च्या मंडळाची, म्हणजे त्या प्रसंगाच्या चित्रांवरून पुढे कोणीतरी केलेली नक्कल. फोटो एका सार्वजनिक संग्रहाने वापरासाठी खुले ठेवलेले आहेत. मूळ वस्तू आम्ही पाहिलेली नाही. जे काही सांगतोय ते फोटोंवरून आणि प्रत करताना हाताला कळलं त्यावरून.

२ मे. फोटो तपासणं, माणसं मोजणं

एकूण ३१ फोटो. प्रत्येकात साधारण ४५ सेंमीचा भाग, त्यातला १० सेंमी शेजारच्या फोटोतही आहे. प्रत्येक फोटोच्या खाली मोजपट्टी ठेवलेली असल्यामुळे आकार नक्की करता आला. मोजपट्टी नसलेले फोटो असतील तर पूर्ण आकाराच्या प्रतीच्या भानगडीत पडू नये.

पहिली चूक इथेच झाली. हातगुंडाळी उजवीकडून डावीकडे उलगडते, त्यामुळे ०१ नंबरचा फोटो सर्वांत उजवीकडचा. सवयीने आम्ही ०१ डावीकडे ठेवून पुढे मांडत गेलो. प्रत्येक फोटो आपापल्या जागी बरोबर दिसतो, फक्त एकही सांधा जुळत नाही. दोन तास गेले. पात्रांची तोंडं कुठे आहेत ते आधी बघा. आमच्या चित्रात ती उजवीकडे आहेत, म्हणजे उलगडताना मिरवणुकीचं तोंड आधी दिसतं आणि ‘सेइदो’, म्हणजे ‘वाट मोकळी करा’, अशी अक्षरं असलेली निशाणं अगदी सुरुवातीला येतात.

जोडायला घेण्याआधी सगळी माणसं मोजली: ३८६ माणसं, ५२ घोडे. हा आकडा पुढे फार उपयोगी पडला. मोजताना कोरियन आणि जपानी वेगळे मोजले. काळ्या रुंद कडेची टोपी आणि दाढी असलेले कोरियन. डोक्याचा पुढचा भाग भादरलेला, मागे बांधलेली बट आणि कमरेला तलवार असलेले जपानी. हे जपानी बहुतेक सो घराण्याचे, म्हणजे कोरिया आणि जपान यांच्यामधल्या त्सुशिमा बेटाच्या सरदाराचे लोक, आणि घोडे धरणारे. वेणी घातलेल्या, टोपी नसलेल्या मुलांना पहिल्या मोजणीत बायका समजून वेगळं काढलं होतं. ती दूतांसोबतची सेवक मुलं आहेत. १७११ ला एकूण ५०० जण आले आणि त्यातले १२९ ओसाकात जहाजांपाशी थांबले, त्यामुळे पुढच्या रस्त्यावर ३७१ पेक्षा जास्त कोरियन असूच शकत नाहीत. आमच्या गुंडाळीत २१४ कोरियन निघाले. नक्कल करणाऱ्याने सगळे घेतलेले नाहीत.

६ मे. संगणकाने अकरा माणसं गाळली

३१ फोटो पॅनोरामा जोडणाऱ्या सॉफ्टवेअरला दिले. वीस मिनिटांत स्वच्छ, अखंड चित्र तयार. एकही सांधा दिसेना. लांबी मोजली तर १०.६९ मीटर. माणसं मोजली तर ३७५.

कारण सोपं आहे. मिरवणुकीत एकसारखी माणसं एकामागे एक चालतात. निशाणवाले सारखे, कर्णे वाजवणारे सारखे, भाले घेतलेले सारखे. सॉफ्टवेअर सारख्या आकृत्या शोधून फोटो एकमेकांवर बसवतं. त्याने चौथा निशाणवाला आणि सहावा निशाणवाला एकच समजून मधला भाग गिळला. निसर्गदृश्य असतं तर चाललं असतं. मिरवणुकीच्या चित्रात कोण कुणाच्या मागे चालतो हाच सगळा मजकूर आहे. ३१ सेंमी गेले म्हणजे अकरा जणांची जागा इतिहासातून पुसली गेली.

सगळं हाताने पुन्हा जोडलं, तीन दिवस लागले. जुळवताना आकृत्यांकडे बघितलंच नाही. कागदातले धागे, पाण्याचे डाग, किडीची भोकं यांवरून जुळवलं, कारण ती दोनदा सारखी येत नाहीत. शेवटी लांबी ११.००, माणसं ३८६.

११ मे. रंग

दोन चुका केल्या.

एक, प्रत्येक फोटोचा पांढरा तोल (व्हाइट बॅलन्स) वेगळा दुरुस्त केला. त्यामुळे कागदाचा पिवळेपणा दर ३५ सेंमीला किंचित बदलायचा आणि लांबून पट्टे दिसायचे. आता एका फोटोतला कोरा कागद प्रमाण धरून बाकीचे तीस त्याला लावले.

दुसरी जास्त गंभीर. हिरव्या निशाणांच्या आणि पालखीच्या पडद्यांच्या भोवती तपकिरी छटा होती. ती घाण समजून आम्ही एक पूर्ण दिवस पुसत बसलो. ती घाण नाही. जपानी चित्रांतला हिरवा म्हणजे मॅलाकाइट, तांब्याचं खनिज. तांबं वर्षानुवर्षं कागद जाळतं, म्हणून हिरव्याखालचा आणि भोवतीचा कागद तपकिरी होऊन ठिसूळ होतो. ती छटा सांगते की तिथे खरा तांब्याचा हिरवा होता. निळीवर पिवळा चढवून केलेला स्वस्त हिरवा असता तर असं झालं नसतं. आमच्या गुंडाळीत पालख्यांचे पडदे मॅलाकाइटचे आहेत आणि पायदळाच्या पट्ट्या स्वस्त हिरव्याच्या. पैसा कुठे खर्च केला ते यावरून कळतं. पुसलेलं सगळं परत आणलं.

१७ मे. फाइलची लांबी

२७ सेंमी बाय ११ मीटर, ३०० पिक्सेल प्रति इंच म्हणजे साधारण ३,१८९ बाय १,२९,९२१ पिक्सेल. जेपेग फाइलमध्ये एका बाजूला ६५,५३५ पिक्सेलच्या वर जाता येत नाही. फोटोशॉपच्या साध्या पीएसडी फाइलमध्ये ३०,००० च्या वर नाही. सोळा बिटांत टिफ फाइल २.५ जीबीच्या आसपास जाते, ती ४ जीबीच्या मर्यादेत बसते. म्हणून मुख्य फाइल टिफ ठेवली.

अखंड ११ मीटर छापायचा विचार सोडला. प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर तेवढी लांबी घेईना, हे एक कारण. खरं कारण वेगळं: मूळ गुंडाळी २४ कागदांची आहे, मग प्रतही २४ कागदांचीच हवी. गुंडाळी हातात घेतल्यावर दर हातभर अंतराला बोटाखाली सांधा लागतो, तो लागला पाहिजे.

२० मे. शाई आणि कागद

चार नमुने. डाय शाईवर (पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या) ओला ब्रश फिरवला की लाल रंग लगेच पसरतो. मागून अस्तर, म्हणजे आधाराचा दुसरा कागद, लावताना संपूर्ण कागद भिजतो, तेव्हा डाय शाई इथे निरुपयोगी. पिगमेंट शाई (न विरघळणाऱ्या रंगकणांची) दोन दिवस वाळू दिली की टिकते, एक दिवसात मात्र काळा थोडा उठला.

कागद: कोझोचा, म्हणजे जपानी तुतीच्या सालीचा, छपाईसाठी वर थर दिलेला, ६१० मिमी रुंद रोल. या रुंदीत २७ सेंमीच्या दोन पट्ट्या शेजारी बसतात, म्हणून ११ मीटर चित्राला रोल सहा मीटरच्या आत लागला.

शिंपल्यांच्या चुन्याचा पांढरा, ज्याला जपानीत गोफुन म्हणतात, तो छापता येत नाही, कारण प्रिंटरकडे पांढरी शाई नसते. घोड्यांचे पांढरे लगाम आणि कपड्यांच्या कडा त्यामुळे मेल्यासारख्या दिसतात. त्या नंतर हाताने भरल्या: सरसात घोटलेला गोफुन, दोन पातळ हात. एक जाड हात दिला तर गुंडाळताना तडकून पडतो.

२६ मे. छपाई

प्रत्येक कागदाच्या उजव्या कडेला ३ मिमी जादा ठेवलं. मूळ गुंडाळीत उजवा कागद वर आणि डावा खाली आहे, तसंच ठेवायचं. पहिल्या फेरीत जादा जागा कोरी सोडली होती. सांधताना अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे झाला की पांढरी रेघ दिसते. जादा जागेतही चित्र पुढे चालू ठेवा. त्यासाठी पाच कागद पुन्हा छापले.

१ जून. खळ

या कामाला गव्हाच्या सत्त्वाची खळ लागते. कणकेची खळ चालत नाही. कणकेत चिकट प्रथिन असतं, ते वाळल्यावर कडक होतं, पिवळं पडतं आणि किडीला आवडतं. ते काढून टाकलेलं शुद्ध सत्त्व हवं, म्हणजे कुरडयांसाठी काढतात तोच चीक.

घरचा चीक वापरून बघितला. तीन दिवस भिजवून वाटलेल्या गव्हाचा, वस्त्रगाळ केलेला. दोन अडचणी आल्या. भिजवताना आंबल्यामुळे तो आंबट होता, पीएच मोजायच्या कागदी पट्टीवर साडेचार (सातच्या जितकं खाली तितकं आंबट). कागदासाठी हे वाईट. शिवाय कोंड्याचे बारीक तपकिरी कण राहिले होते, पातळ कागदातून ते मागून दिसतात. चार वेळा पाणी बदलून, दर वेळी रात्रभर निवळू देऊन, दुहेरी मलमलीतून गाळल्यावर साडेसहापर्यंत आला आणि स्वच्छ झाला. कुरडईला थोडा आंबूसपणा चालतो, इथे नाही.

शिजवणं: १०० ग्रॅम कोरडं सत्त्व, ४५० मिली पाणी, मंद आच, ४० मिनिटं हात न थांबवता ढवळणं. पांढरं जाऊन काचेसारखं दिसलं की उतरवा. वीस मिनिटांत उतरवलेली खळ वाळल्यावर सुटली. थंड झाल्यावर बारीक चाळणीतून दोनदा घासून काढायची, गुठळी राहू द्यायची नाही. अस्तरासाठी ताकाइतकी पातळ, सांध्यासाठी दह्याइतकी घट्ट.

बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून. इथे घालू नका. मोरचूद म्हणजे तांबं, आणि तांबं कागदाचं काय करतं ते ११ मेच्या नोंदीत आहे. रोज लागेल तेवढीच खळ शिजवा.

७ जून. अस्तर

भिजला की कागद वाढतो. २७० मिमी उंचीचा कागद भिजून २७३ झाला. लांबीत वाढ जवळपास नाही, कारण रोलमध्ये कागदाचे धागे लांबीच्या दिशेने असतात आणि कागद धाग्यांना आडवा फुगतो.

पहिले सहा कागद आम्ही वेगवेगळ्या ओलेपणात अस्तरावर टाकले. वाळल्यावर उंची २६९ ते २७२ अशी. शेजारी ठेवले तर सांध्यावर घोडेस्वारांची डोकी एक-दोन मिमी वर-खाली. सहाही अस्तरं पाणी मारून सोडवली. पिगमेंट शाई टिकली, एवढं बरं झालं.

नंतर एकच पद्धत ठेवली: चित्राच्या पाठीवर बारीक फवारा, दहा मिनिटं थांबणं, अस्तराच्या कागदाला खळ, मग मधून बाहेर कोरड्या ब्रशने दाबत बसवणं. अस्तराचे धागे चित्राच्या धाग्यांच्याच दिशेने. दिशा चुकली की दोन्ही कागद एकमेकांना ओढतात आणि गुंडाळीच्या वरच्या-खालच्या कडा कायमच्या वळतात.

अस्तराला आधी नेपाळी लोकता कागद घेतला होता, स्वस्त म्हणून. त्यातल्या गाठी पुढून उठून दिसल्या. पातळ कोझो घेतला.

१५ जून. वाळवणं

जपानी कारागीर अस्तर लावलेला कागद कडांनी एका फळीवर चिकटवून ताणून वाळवतात. ती फळी लाकडी जाळीवर कागदाचे बरेच थर देऊन, त्यावर कच्च्या पर्सिमनचा रस चढवून केलेली असते, त्यामुळे ती श्वास घेते. आम्ही सनमायका लावलेली प्लायची फळी वापरली. मागून हवा नाही, त्यामुळे कडा आधी वाळून सुटल्या आणि मधला ओला भाग आक्रसून सुरकुतला. चार कागद गेले, पुन्हा भिजवून सपाट करावे लागले.

उपाय म्हणून फळीवर जाड खाकी कागदाचे तीन थर, एकमेकांना फक्त कडांनी चिकटवलेले. त्यावर चित्राच्या चारी कडांना ५ मिमी खळ. एका कोपऱ्यात कागदाची छोटी जीभ ठेवायची, म्हणजे काढताना तिथून बांबूची पट्टी सरकवता येते.

२४ जून. बुरशी

आठवडाभर पाऊस, खोलीत दमटपणा ८५ टक्के. दोन कागदांच्या पाठीवर राखाडी ठिपके. दोन्ही टाकून दिले. बुरशी झटकून काम चालू ठेवलं तर गुंडाळल्यावर ती शेजारच्या प्रत्येक फेऱ्यात उतरते. दमटपणा ६५ च्या खाली येईपर्यंत काम बंद, नऊ दिवस. पंखा थेट कागदावर लावू नका, एक बाजू आधी वाळते. हे काम पुण्यात करायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत करावं.

३ जुलै. चौदावा आणि पंधरावा कागद

हे छपाईआधी लक्षात यायला हवं होतं.

सांधायला कागद ओळीने मांडले तेव्हा १४ आणि १५ मधला सांधा खटकला. घोड्याची शेपटी तिथे वेगळ्या हाताने, वेगळ्या काळ्याने रंगवलेली आहे. शिवाय मुख्य दूताची पालखी राजाच्या पत्राच्या पालखीच्या पुढे चाललेली. असं होत नाही. राजाचं पत्र स्वतःच्या पालखीतून पुढे जातं, त्यामागे मुख्य दूत, मग उपदूत, मग तिसरा. १७११ ला हे तिघे जो ते-ओक, इम सु-गान आणि ई बांग-ओन. पत्रातल्या शब्दावरून त्या वर्षी वाद झालेला होता. शोगुनचा सल्लागार आराई हाकुसेकी याने शोगुनचा उल्लेख ‘जपानचा राजा’ असा करायला लावला होता, १७१९ ला ते परत बदललं. अशा वर्षीच्या चित्रात पत्र मागे आणि दूत पुढे, हे बारीक प्रकरण नाही.

खात्री किडीच्या भोकांनी करून दिली. गुंडाळलेल्या कागदातून कीड आरपार गेली की उलगडल्यावर तेच भोक दर फेऱ्याला एकदा दिसतं. बाहेरचे फेरे मोठे, आतले लहान, म्हणून उजवीकडून डावीकडे भोकांमधलं अंतर हळूहळू कमी होत जायला हवं. आमच्यात सुरुवातीला साडेचौदा सेंमी, शेवटी साडेसात. मधल्या कागदांवर मोजलं:

तेरावा ११.४, चौदावा १०.८, पंधरावा ११.१, सोळावा १०.५.

चौदा आणि पंधरा उलटे करा: ११.४, ११.१, १०.८, १०.५. सरळ उतार. म्हणजे कीड आधी लागली, नंतर कधीतरी दुरुस्तीसाठी गुंडाळी सोडवली आणि परत जोडताना दोन कागदांची अदलाबदल झाली. मग सांध्यावर अर्धवट राहिलेला घोडा कोणीतरी शेपटी काढून पुरा केला.

प्रतीत कोणता क्रम ठेवायचा यावर दोन दिवस चर्चा झाली. आम्ही आजचा, म्हणजे चुकीचा क्रम ठेवला. प्रत त्या वस्तूची आहे आणि ती अदलाबदलही त्या वस्तूचाच भाग आहे. सुधारलेल्या क्रमाची ९२ सेंमीची वेगळी पट्टी छापून पेटीत ठेवली, म्हणजे वाचक शेजारी धरून बघू शकतील. ज्यांना मिरवणुकीचा अभ्यास शिकवायचा आहे त्यांनी पट्टीवरून शिकवावं.

असं काम करणाऱ्यांनी भोकांची मोजणी पहिल्याच आठवड्यात करावी. अर्धा दिवस लागतो.

१२ जुलै. चोवीस कागद एका रेषेत

सांधा ३ मिमीचा, घट्ट खळ, वर शोषक कागद आणि वजन, अर्धा तास. एक-एक कागद मागच्याला लावत गेलो. आठ कागदांनंतर दोरी ताणून बघितलं तर पट्टी ९ मिमीने बाकदार. प्रत्येक सांध्यावर वरच्या आणि खालच्या कडेत ०.२ मिमीचा फरक, तोही एकाच बाजूला. डोळ्याला दिसत नाही, पण कोन साठत जातो. चोवीस कागदांवर तो शेवटी जवळजवळ १० सेंमी झाला असता, आणि अशी गुंडाळी दांड्यावर सरळ गुंडाळतच नाही, शंकूसारखी बाहेर येते.

सात सांधे सोडवले. मग लांब टेबलावर पक्की रेघ आखून, चार-चार कागदांचे सहा गट केले, गट रेघेवर जुळवले, शेवटी गट एकमेकांना. रेघेला कागदाची कड नाही, चित्रातली जमिनीची पातळी लावली, कारण कडा आधीच कापलेल्या असतात.

यानंतर दुसरं अस्तर, त्याचे सांधे चित्राच्या सांध्यांवर येणार नाहीत असे सरकवून. एकावर एक आले की तिथे कणा तयार होतो आणि गुंडाळताना तिथेच घडी मोडते. वाळल्यावर पाठ गुळगुळीत मण्यांच्या माळेने घासली. खळीचा कडकपणा मोडतो, कागद मऊ पडतो. हे टाळू नका, फरक हाताला लगेच कळतो.

२१ जुलै. दांडा आणि पेटी

दांडा २४ मिमीचा, सागाचा, तेल-पॉलिश न करता. बारीक दांड्यावर आतले फेरे फार वळतात आणि गोफुन तडकतो. दांडा कागदाला काटकोनात लावण्यासाठी गुण्या वापरला, तरी पहिल्यांदा १ मिमी तिरका बसला आणि गुंडाळीची एक बाजू बाहेर सरकली. सोडवून पुन्हा लावला.

पेटी आधीच करून घेतली होती, आत ५५ मिमी. गुंडाळी ६४ मिमीची झाली. हिशेब करताना कागदाची जाडी ०.१५ मिमी धरली, ती चित्र आणि एका अस्तराची. दुसरं अस्तर आणि खळ धरून ०.२५ झाली. सूत्र: दांड्याच्या व्यासाचा वर्ग, अधिक लांबी गुणिले जाडी गुणिले ४ भागिले ३.१४, त्याचं वर्गमूळ. ०.१५ ने ५२ येतं, ०.२५ ने ६४. पेटी गुंडाळी झाल्यावरच करायला द्या. नवीन पेटी ७२ मिमीची.

२ ऑगस्ट. खर्च

कागदाचा रोल १२,४००. छपाई, नमुने आणि फेरछपाई धरून, ९,६००. अस्तराचे कागद ५,२००. ब्रश ६,८०० (इथे काटकसर केली तर केस गळून खळीत अडकतात). फळी २,१००. दांडा, वेष्टणाचं कापड, दोरी १,९००. दोन पेट्या २,९००. एकूण ४०,९०० रुपये, त्यातले सात हजारांच्या आसपास वर लिहिलेल्या चुकांपायी. तास साधारण २१०.

चित्रातल्या माणसांच्या डोक्यांवर लिहिलेल्या पदनामांचं मराठी भाषांतर चित्रावर छापलेलं नाही. ते २७ सेंमी उंचीच्या वेगळ्या पट्टीवर, कागदांच्या क्रमांकानुसार आहे. निशाणवाले, कर्णेवाले, अब्दागिरी धरणारे, दुभाषे, वैद्य, लेखनिक. चौदा आणि पंधरा क्रमांकांपुढे दोन्ही क्रम दिले आहेत.

उलगडताना एका वेळी दोन हातांमध्ये ५० ते ६० सेंमीच उघडं ठेवा. पाहून झालेला भाग उजव्या हाताने गुंडाळत जा. संपल्यावर पूर्ण उलटी गुंडाळून, दोरी सैल बांधून ठेवा. घट्ट बांधलेल्या दोरीचा वळ पहिल्या चार-पाच फेऱ्यांवर उमटतो.

१९ ऑगस्ट. पंधरा जणांनी हाताळल्यावर तपासणी. सहाव्या सांध्याची वरची कड ४ मिमी सुटली, तिथे खळ कमी पडली होती. घट्ट खळ, वजन, अर्धा तास. दुरुस्त.